गोळी माणसाला उडवत नाही

किहीमच्या किनाऱ्यावरून हवेत सुटलेली पिस्तुलाची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. तीच गोळी समोरच्या समुद्रात शिरली, तर दोन-तीन मीटरांत तिचा सारा जोर संपतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध चौपट होतो. त्यामुळे एक उफराटा चमत्कार घडतो: कितीतरी अधिक वेगाने आलेली रायफलची गोळी पाण्यात पुष्कळदा फुटते आणि पिस्तुलाच्या गोळीआधीच थांबते. माणसाच्या शरीरातही निम्म्याहून अधिक पाणीच असते. गोळी शरीरात शिरल्यावर काय होते, याचे बरेचसे गुपित इथे आहे.

सिनेमात गोळी लागली की माणूस चार फूट मागे उडतो. हिशेब करून पाहू. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३७० मीटर. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेतले, तर तो भरतो २.८. आता क्रिकेटचा चेंडू घ्या: १६० ग्रॅम, ताशी १४० किलोमीटर. त्याचा संवेग ६.२, म्हणजे गोळीच्या दुपटीहून जास्त! एके-४७ ची गोळीसुद्धा या चेंडूच्या खालीच राहते. छातीवर चेंडू बसला म्हणून फलंदाज यष्ट्यांवर जाऊन आदळत नाही. शिवाय गोळीने समोरचा उडाला असता, तर न्यूटनच्या नियमाने झाडणाराही मागे उडाला असता.

गोळी ढकलत नाही, ती भोक पाडते. पिस्तुलाच्या गोळीपुढे मांस क्षणभर ताणले जाते आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा जागेवर येते. मागे उरते ती एक अरुंद वाट. त्या वाटेवर काय आले, यावर सगळे ठरते.

२२ जून १८९७ ची रात्र. पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी दोन इंग्रज अधिकाऱ्यांवर जवळून गोळ्या झाडल्या. बाळकृष्णांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. दामोदरांची गोळी लागलेला रँड मात्र ३ जुलैपर्यंत जगला. रात्र तीच, रस्ता तोच, आणि दोन मरणांत अकरा दिवसांचे अंतर.

मेंदू किंवा पाठीच्या कण्याचा वरचा भाग निकामी झाला, तरच माणूस तत्क्षणी कोसळतो. एरवी रक्तस्रावाने तो थांबतो, आणि त्याला वेळ लागतो. हृदय बंद पडले तरी मेंदूत उरलेला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो. तेवढ्यात माणूस धावू शकतो, झाडू शकतो आणि धरूनही ठेवू शकतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी पकडली. अनेक गोळ्या अंगात शिरल्या, पण पकड सुटली नाही, आणि सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत धरले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचे धैर्य कुठल्याही समीकरणात बसत नाही. पण गोळी लागताच माणूस थांबतो, हा समज त्या रात्रीने कायमचा खोटा ठरवला.

अमेरिकेच्या एफबीआयला हा धडा ११ एप्रिल १९८६ ला मियामीत मिळाला होता. एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. दोन अधिकारी मारले गेले. मग एफबीआयने मांसासारखा विरोध करणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या तपासायला घेतल्या. मर्यादा ठरली साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. याहून कमी खोल गेली तर गोळी वाया, जास्त गेली तर आरपार निघून मागच्या निरपराध माणसाला धोका. त्या संस्थेने पुढे मोठ्या व्यासाच्या गोळ्या वापरून पाहिल्या आणि गेल्या दशकात पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. गोळ्यांची रचना सुधारली होती, शिवाय कमी धक्क्याच्या पिस्तुलाने माणसे नेम अधिक नेटका धरत होती.

आणि नेम ही भलतीच नाजूक गोष्ट आहे. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीत अंतर असते जेमतेम सोळा सेंटिमीटर. घोडा दाबताना हिसका बसून पुढची माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी पंधरा सेंटिमीटर चुकते. ही चूक चांदमारीच्या शांत मैदानावरची. प्रत्यक्ष चकमकीत छाती धडधडते, बोटे बधिर होतात, नजर एका बिंदूवर आवळते. त्या वेळी शरीराला आठवते तेच, जे शेकडो वेळा घटवलेले असते. म्हणून सराव हेही शस्त्रच. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावातील उणिवांवर बोट ठेवले होते, ते यासाठीच.

चांगल्या प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट शिकवतात: न झाडणे. समोर अचानक एक आकृती उभी राहते. तिच्या हातात कधी पिस्तूल असते, कधी मोबाइल. दहा मीटर अंतर कापायला गोळीला सेकंदाचा सदतिसावा भाग पुरतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे सगळ्या साखळीत सर्वांत संथ कडी माणसाचा निर्णय ही आहे, आणि सुधारता येण्याजोगीही तीच. गोळीचे वजन कारखान्यात ठरते. ती सुटावी की नाही, हे मात्र मैदानावर घाम गाळून घडवावे लागते.