एकच कण पुरेसा

घटसर्प! हा शब्द कानावर पडला की पूर्वीच्या आया मुलाला पोटाशी धरीत. सुरुवात साधीच. घसा दुखतो, अंग कोमट लागते. मग दोन-तीन दिवसांत घशात राखाडी, जाड पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडू लागतो. त्यातून मूल वाचले, खेळू लागले, तरी कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकाएकी हृदय दगा देते. जंतू घशात आणि घाव हृदयावर, हे कसे?

१८८४ साली जर्मनीच्या फ्रीडरिश लोफ्लर यांना हेच कोडे पडले होते. घशातले जंतू विष सोडत असावेत, हा त्यांचा तर्क. १८८८ मध्ये पाश्चर यांचे सहकारी एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी जंतू वाढवलेला द्रव बारीक गाळणीतून गाळला. त्यात जंतू उरले नव्हते, पण तो टोचलेले प्राणी दगावले. विष सापडले!

हे विष म्हणजे ५३५ अमिनो आम्लांचे एक प्रथिन. त्याची घडण १९९२ मध्ये उलगडली, ती इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी. त्याचे तीन भाग आहेत आणि तिघांची कामे वेगळी. पहिला पेशीच्या दाराला चिकटतो. पेशी त्याला पाहुणा समजून पिशवीत घालून आत घेते आणि नेहमीच्या रीतीने ती पिशवी आम्ल करते. या आम्लानेच दुसरा भाग जागा होतो, पिशवीच्या भिंतीत घुसतो आणि तिसऱ्याला आतल्या बाजूला वाट करून देतो. पेशीची सवयच तिच्या मुळावर येते, म्हणा ना!

तिसरा भाग खरा मारेकरी. तो विकर आहे, म्हणजे एन्झाइम. पेशीत प्रथिने विणण्याचा माग सतत चालू असतो आणि तो पुढे सरकवणारे एक प्रथिन असते. नियासिन या जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या एनएडी नावाच्या रेणूचा एक तुकडा तोडून हे विकर त्या प्रथिनाला चिकटवते. माग थांबतो. विकर मात्र खर्च होत नाही. एक बिघडवून ते दुसऱ्याकडे वळते. म्हणूनच आत शिरलेला एकच कण एक पेशी मारायला पुरतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवले.

गंमत अशी, की या विषाची जनुकीय कृती जंतूची स्वतःची नव्हेच. त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूने ती आणलेली असते. तो विषाणू नसला तर हे विष जंतूला बनवताच येत नाही.

घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. पेशीत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. त्यामुळे डॉक्टर घशाच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबत नाहीत. लस मात्र याच विषाची. १९२३ मध्ये गास्ताँ रामाँ यांनी फॉर्मालिन आणि ऊब देऊन त्याचा दंश काढला, रूप तेवढे ठेवले. त्रिगुणी लशीतला ‘डी’ तोच.

भारतात घटसर्पाचे रुग्ण आजही आढळतात, आणि त्यांत मोठी मुलेही असतात. लशीचा जोर वर्षांनुवर्षे टिकत नाही. म्हणून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यानंतर दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षी बूस्टर असतो. मग दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी. शेवटची ही दोन इंजेक्शने किती घरांत आठवणीने घेतली जातात? लशीचे कार्ड तोवर कपाटाच्या तळाशी गेलेले असते.