गोंगाटातील बधिरता आणि कामगाराची सुरक्षितता

धोक्याच्या कामावर बधिर मनुष्यास नेमावे किंवा नाही, या प्रश्नाचा विचार बहुधा त्याच्या उणिवेपासून सुरू होतो. तो कामाच्या जागेपासून सुरू करणे अधिक सयुक्तिक होय. कारण कित्येकांना बधिरता त्या जागेनेच दिलेली असते, आणि ती आल्यावरही त्यांना त्याच यंत्रांमध्ये वावरावे लागते.

ग्लासगोचे कर्णरोगतज्ज्ञ टॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बांधणाऱ्या १०० कामगारांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकाचीही श्रवणशक्ती प्राकृत नव्हती. अंतर्कर्णातील रोमकोशिका ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करतात. दीर्घकाळच्या तीव्र आघाताने त्या नष्ट होतात व मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. पहिली हानी सुमारे ४,००० हर्ट्झ कंपनसंख्येच्या आसपास होते. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने प्रथम अस्पष्ट होतात. बोलणे ऐकू येते, परंतु उमगत नाही. म्हणूनच हा दोष कामगाराच्या स्वतःच्या ध्यानात उशिरा येतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे ध्वनीचे प्रच्छादन. मोठ्या गोंगाटात लहान ध्वनी लोपतो, आणि हे निरोगी कानासही लागू आहे. इशाऱ्याचा ध्वनी भोवतालच्या गोंगाटाहून किमान १५ डेसिबेलने अधिक असावा, असा आंतरराष्ट्रीय मानक ७७३१ चा सर्वसाधारण दंडक आहे. त्यानुसार ९० डेसिबेलच्या खात्यात भोंगा १०५ डेसिबेलचा हवा. म्हणजे इशाराच कानास जाचक ठरू लागतो. ज्याचे श्रवण अंशतः गेले आहे त्याची अडचण याहून बिकट असते. कानात बोळे घातल्यास मूळचा दोष आणि बोळ्यांचा अडसर यांची बेरीज होऊन इशारा बुडतो. बोळे काढल्यास उरलेले श्रवणही जाते.

या पेचात सापडलेला कामगार नोकरीच्या धास्तीने आपला दोष लपवितो, आणि त्यामुळे धोका वाढतो. भारतात १९८७ च्या दुरुस्तीने गोंगाटजन्य श्रवणहानीचा कारखाने अधिनियमातील अधिसूचनीय रोगांत समावेश झाला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्यास कामावरून दूर न करण्याचे संरक्षण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिले. मात्र हे कलम शासकीय आस्थापनांपुरते आहे. खाजगी कारखान्यातील कामगाराला दोष उघड करण्याचे धैर्य त्यातून लाभत नाही.

वस्तुतः गोंगाटात श्रवणावाचून काम करण्याची रीत नवी नाही. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत साच्यांच्या खडखडाटामुळे विणकर ओठांच्या ठळक हालचालींनी व हावभावांनी संभाषण करीत. त्यांत धडधाकट कानाचेही होते. यारीच्या चालकास आजही ठरीव हस्तखुणांनीच सूचना देतात. या रीतीचा विस्तार सहज शक्य आहे : लुकलुकणारा दिवा, अंगावर बाळगावयाचे कंपनयंत्र, वळणावरील आरसे, आणि आवरण उघडताच यंत्र थांबविणारी योजना. अर्थात यंत्राचा गोंगाट मुळातच कमी करणे हा यांतील पहिला उपाय होय. बधिर कामगाराची पात्रता ठरविण्यापूर्वी त्या जागी धोक्याची सूचना केवळ कानावाटेच मिळते काय, हे तपासणे अगत्याचे आहे. तसे असल्यास ती जागा तेथील कोणाही कामगारास सुरक्षित मानता येणार नाही.