मस्टँगला क्रेटाचं चाक बसेल का?

फोर्ड मस्टँग ही पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनाची स्पोर्ट्‌स कूपे, 2016 मध्ये भारतात आलेली. ह्युंदाई क्रेटा ही ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या कुठल्याही गल्लीत दिसणारी घरगुती एसयूव्ही. दोघींच्या चाकांना पाच-पाच भोकं, आणि ती भोकं ज्या वर्तुळावर पाडलेली असतात त्याचा व्यासही सारखाच: 114.3 मिलिमीटर. दुकानात यालाच पीसीडी म्हणतात. हा वेडावाकडा वाटणारा आकडा म्हणजे बरोबर साडेचार इंच. अमेरिका असो की कोरिया, इंचांतलं जुनं माप मिलिमीटरचे कपडे घालून अजून चालू आहे.

मग क्रेटाचं चाक मस्टँगला चढेल? नाही चढणार. चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं ते क्रेटाला 67.1 मिमीचं असतं आणि मस्टँगचा हब आहे 70.5 मिमीचा. साडेतीन मिलिमीटरही नाहीत, पण तेवढ्यावरच सगळं अडतं. शिवाय मस्टँगचे स्टड 14 मिमी जाडीचे, क्रेटाचे 12.

नवी चाकं घेताना पहिली नजर जाते ती डिझाइनवर आणि चकाकीवर. माझं मत स्पष्ट आहे: चाक आधी उलटं करा. खरी माहिती आतल्या बाजूला, आऱ्यांच्या मागे कोरलेली असते, आणि ती वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत.

मेळ्यातली गाडी, एमपी 07 ची पाटी

ग्वाल्हेरकरांना गाडीखरेदीसाठी दिवाळीपेक्षाही मेळ्याची वाट पाहायची सवय. 1905 साली महाराजा माधवराव शिंद्यांनी गुरांच्या बाजारापासून सुरू केलेला हा व्यापार मेळा आज मोटारींचा मोठा बाजार झाला आहे. अलीकडच्या मेळ्यांत राज्य सरकारने वाहनांच्या रोड टॅक्सवर 50 टक्के सूट दिली आणि महागड्या गाड्यांनाही गिऱ्हाइकं रांगेने आली. कूपेच्या टॅक्समधली अर्धी रक्कम वाचली, तर ती चाकांआधी चांगल्या टायरवर घालावी. टायर जुनेच ठेवून नुसती रिम बदलली, तर दिसणं बदलेल, गाडीची पकड बदलणार नाही.

आणि शिंद्यांच्या गावाला मोटारीचं वेड काही आजचं नाही. 1908 च्या सुमारास एका रोल्स-रॉइसने मुंबई-कोल्हापूर शर्यतीत सहा घाट ओलांडत 620 मैल न अडखळता कापले. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनीच घेतली. त्या काळी बहुतेक मोटारींची चाकं लाकडी आऱ्यांची असत. ओतीव ॲल्युमिनिअमची चाकं घेऊन बुगाटी टाइप 35 शर्यतीत उतरली ती 1924 मध्ये, फ्रान्समधल्या लिऑनला. ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. पोर्शे 911 ची पाच पाकळ्यांची घडीव ‘फुक्स’ चाकं आली 1966 मध्ये, आणि आजही दुकानातली कितीतरी डिझाइनं त्यांच्यावरूनच बेतलेली दिसतात.

रुळांचं गाव आणि ऑफसेटचा हिशोब

ग्वाल्हेर-श्योपूर ही दोन फुटी रेल्वे सुमारे 200 किलोमीटर धावायची. 2020 मध्ये ती थांबली आणि तिच्या जागी ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. दोन रुळांतलं अंतर 610 मिमी होतं, आता 1,676 होणार. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी तर सगळ्यांनी पाहिलेलीच आहे. रुळावर चाकांमधलं अंतर एकदा ठरलं की ठरलं. मोटारीत ते बदलता येतं, आणि चाकं बदलताना सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यामधलं अंतर म्हणजे ऑफसेट. चाकाच्या आत ‘ईटी 45’ असं जे कोरलेलं असतं ते हेच, मिलिमीटरमध्ये. ईटी 45 च्या जागी ईटी 35 घेतलं की प्रत्येक चाक 10 मिमी बाहेर येतं, म्हणजे दोन्ही बाजू धरून गाडी 20 मिमी रुंद झाली. ईटी तोच ठेवून रिम एक इंच रुंद घेतली, तर कडा आत आणि बाहेर दोन्हीकडे 12.7 मिमी सरकते. बाहेर जास्त गेली तर खड्ड्यात टायर फेंडरला घासतो आणि बेअरिंगवर ताण येतो. आत गेली तर सस्पेन्शनला. चाक आणि ब्रेक कॅलिपर यांच्यात फट राहते की नाही हे तर चाक प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

याच संदर्भात एक गंमत. ज्योतिरादित्य शिंद्यांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रात 1960 सालची बीएमडब्ल्यू इसेटा आहे. या बुटक्या गाडीचं दार समोरून उघडतं आणि मागच्या दोन चाकांत अंतर जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे छोट्या रेल्वेपेक्षाही कमी! ती इतकी जवळ असल्यामुळे डिफरन्शिअलची गरजच उरली नाही. उलट मस्टँगची मागची चाकं जवळपास ब्रॉडगेजइतकी फाकलेली असतात.

एक इंच वाढला, 0.1 मिमी घटला

मस्टँगचा पुढचा टायर असतो 255/40 आर19. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचे इंच. गणित करा: भिंत 102 मिमी, दोन्ही बाजू 204, त्यात 19 इंचांचे 482.6 मिळवले की एकूण व्यास 686.6. आता 20 इंची रिम घेऊन 255/35 आर20 टायर लावा. व्यास येतो 686.5. रिम एका इंचाने वाढली आणि चाक मात्र होतं तेवढंच राहिलं! स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, एबीएसही गोंधळत नाही. नवं चाक निवडण्याची खरी कसोटी हीच, आणि कागद-पेन्सिल घेऊन ती दोन मिनिटांत होते.

याची किंमतही आहे. भिंत 102 वरून 89 मिमीवर आली. तेवढी हवा आणि रबर खड्डा आणि रिम यांच्यामधून कमी झालं. पहिल्या पावसानंतरचे ग्वाल्हेरचे रस्ते आठवा आणि ठरवा. रोज वापरायची गाडी असेल तर मी 20 इंचांच्या मोहात पडू नका असंच सांगेन.

वजनाचंही तसंच. मोठी रिम बहुतेकदा जड असते, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे ते प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक ब्रेकमध्ये जाणवतं. 2015 ला आलेल्या मस्टँग शेल्बी जीटी350आरला म्हणूनच कार्बन फायबरची चाकं दिली होती: एकेक सुमारे 8 किलोचं, तर तसंच ॲल्युमिनिअमचं 15 किलोचं. एवढं परवडत नसेल तर ओतीवपेक्षा घडीव चाक बघा. महाग असतं, पण त्याच ताकदीला हलकं पडतं.

मालनपूरचा धागा, मे महिन्याची हवा

शहराबाहेर भिंड जिल्ह्यातल्या मालनपूरला एसआरएफचा कारखाना आहे. तिथे टायरच्या पोटात घालायचं नायलॉनचं कापड विणलं जातं. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे, आत विणकाम असतं याची याहून जवळची साक्ष ग्वाल्हेरकराला मिळणार नाही.

टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. ‘2324’ म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर आधी इथे तपासा. टायरच्या मापाच्या शेवटी असतं ते अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी 210 किमी, व्ही 240, डब्ल्यू 270, वाय 300. कूपेला मूळ वाय असेल तर एच लावू नका, तुम्ही किती जोरात चालवता याचा इथे संबंध नाही.

आणि हवा! ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या पहाटे पारा 5 अंशांवर येतो, मे महिन्यात 45 वर जातो. बंद टायरमध्ये एवढ्या फरकाने साधारण 6 ते 7 पीएसआयचा फरक पडतो. म्हणून दाब नेहमी सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना बघायचा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. कलम 182अ खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वांत निर्धोक माप तेच, जे कंपनी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला देते. त्याबाहेर जायचं असेल तर आरटीओला आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस 16192 हे भारतीय मानक आहे. आयएसआयची खूण शोधा. जपानी चाक असेल तर ‘जेडब्ल्यूएल’ ठसा बघा.

बसवताना

दुकानदार म्हणेल, ‘भैया, लग जाएगा।’ लागेलही. आपण तीन गोष्टी विचारायच्या. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर हब रिंग आहे का? नसेल तर चाक नटांवर लोंबतं आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरतं. नटांचा तळ चाकाला जुळतो का? मस्टँगचे नट शंकूसारखे बसतात, पोर्शेचे गोल, आणि एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. जुन्या चाकांतले हवेच्या दाबाचे सेन्सर नव्यात काढून बसवले का?

नट एका आड एक, चांदणीच्या क्रमाने आवळतात. मस्टँगला 204 न्यूटन-मीटर लागतात. हवेच्या गनने धाडकन आवळले की स्टड ताणले जातात, म्हणून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच करून घ्या, आणि ते करताना स्वतः शेजारी उभे राहा. नंतर 80 ते 100 किलोमीटर चालवून गाडी पुन्हा दुकानात न्या आणि सगळे नट एकदा परत तपासून घ्या.