भुयार नव्हे, पेव!

सीबीडी बेलापूरच्या किल्ल्याविषयी बोलणं निघालं की भुयाराची गोष्ट येतेच. इथून खाडीखालून थेट घारापुरीला वाट जाते, अशी लोकांची समजूत. भुयार म्हटलं की आपल्याला राजे आणि खजिने आठवतात. पण आपल्या पूर्वजांनी जमिनीच्या पोटात सगळ्यात जिवापाड जपलं ते धान्य!

याचा पुरावा मिळाला तो शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. मातीखालून वर आलं ते इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात नांदलेलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव. शंभराहून जास्त घरं, त्यांतल्या चुली, जळून काळे पडलेले जवाचे दाणे, आणि धान्य साठवायचे खड्डे, म्हणजे पेवं.

खड्डा ओळखायचा कसा? एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. खड्ड्यात नंतर भरलेली माती भुसभुशीत, वेगळ्या रंगाची असते. ब्रशने हळुवार साफ केलं की जमिनीवर गोल डाग उमटतो. तोच तीन हजार वर्षांपूर्वीच्या पेवाचा काठ!

पेवाची करामत तर थक्क करणारी. तोंड लिंपून बंद केलं की आतले दाणे श्वास घेत राहतात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे गुदमरून मरतात. औषध नाही, यंत्र नाही. पण आत प्राणवायू उरलेला नसतो, म्हणूनच पेव फोडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. आधी दिवा सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचं.

इनामगावात पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराला लागूनच धान्याचं कोठार सापडलं. त्यावरून ते गावप्रमुखाचं घर असावं, असं अभ्यासकांनी मानलं. गावाचा दाणागोटा ज्याच्या हाती, तोच मोठा!

सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं आपल्या काळापर्यंत टिकली. आणि एखाद्या गोष्टीचं ‘पेव फुटलं’ असं आपण आजही सहज म्हणतो.

तेव्हा घराचा पाया किंवा विहीर खणताना मातीत असा वेगळा गोल दिसला, खापरं निघाली, तर फावडं थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. तिथे कुणाची तरी वर्षभराची भाकरी साठवलेली असेल.