गोदाम मोठे, रस्ता अरुंद

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन घरी आला. हातात गेम खेळण्यासाठी बनविलेला लॅपटॉप होता. कापूस विकून घेतलेला. मुलगा त्यावर गेम खेळे हे खरे. पण त्यावरच लग्नाच्या चित्रफिती जुळवून देऊन तो स्वतःची फीही भरत असे. काम जलद व्हावे म्हणून त्याने रॅम ८ जीबीची १६ जीबी करून घेतली होती. झाले मात्र उलटेच. पूर्वी सुरळीत चालणारा गेम आता अडखळू लागला.

"आमचे पैसे पान्यात गेले म्हना सर!" वडील म्हणाले. लॅपटॉप विकून टाकावा, असे त्यांच्या मनात होते.

स्मृती दुप्पट झाली आणि वेग घटला, हे कसे? चला, आपण याचा शोध घेऊ.

प्रथम एक नियम. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर मोजमाप घ्यावे. म्हणून आम्ही गेममधील एकच प्रसंग ठरविला आणि पडद्यावर सेकंदाला किती चित्रे उमटतात ते पाहिले. मुलाच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी ती ६० च्या आसपास असत. आता चाळिशीच्या घरात होती. म्हणजे एका चित्राला पूर्वी सुमारे १७ मिलिसेकंद लागत, ते आता २५ लागत होते.

पहिला संशय उष्णतेवर. आमच्या घाटाखालच्या भागात मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. प्रोसेसर ९५ अंशांवर असेल आणि खोली २५ अंशांवर, तर तापमानातील फरक ७० अंश. खोली ४३ अंशांवर गेली की तो ५२ अंशच उरतो. उष्णता बाहेर पडण्याचा वेग या फरकावर अवलंबून असल्याने तो जवळजवळ एकचतुर्थांशाने घटतो. मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. परंतु हे घडायला काही मिनिटे लागतात. येथे तर सकाळच्या गारव्यात, पहिल्या मिनिटापासूनच गेम अडखळत होता. तेव्हा उष्णता सुटली.

दुसरा संशय, नवी रॅम सदोष असेल. लॅपटॉपमध्ये पूर्ण १६ जीबी दिसत होती आणि विंडोजमधील स्मृतिचाचणीत एकही चूक सापडली नाही. हाही संशय फिटला.

मग आम्ही टास्क मॅनेजर उघडून त्यातील मेमरीचे पान पाहिले. तेथे दोन गोष्टी आढळल्या : दोन खाचांपैकी एकच वापरात होती, आणि रॅमचा वेग २६६६ होता. जुन्या रॅमच्या ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या मुलाने जपून ठेवल्या होत्या. त्यांवर छापले होते डीडीआर४-३२००.

आता असे पाहा. खामगावच्या कापूस बाजारात एक जिनिंग आहे अशी कल्पना करा. जिनिंग म्हणजे प्रोसेसर, कापसाचे गोदाम म्हणजे रॅम. गोदाम दुप्पट केले. पण पूर्वी त्याला दोन रस्ते होते, आता एकच ठेवला, आणि त्यावरील गाड्याही मंद. जिनिंगला कापूस मिळेल तरी कसा? गोदामात किती मावते ही एक राशी. सेकंदाला किती बाहेर पडते ही दुसरी.

हिशोब सोपा आहे. डीडीआर४ ची एक पट्टी एका खेपेत ६४ बिट, म्हणजे ८ बाइट देते. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष खेपा. ३२०० दशलक्ष × ८ = सेकंदाला २५.६ जीबी. दोन पट्ट्या दोन स्वतंत्र मार्गांवर असल्यास ५१.२ जीबी. आणि नवी एकटी पट्टी? २६६६ दशलक्ष × ८ = सुमारे २१.३ जीबी. पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी!

प्रत्येक गेमवर याचा परिणाम एवढा दिसेलच असे नाही. रॅम खरोखर अपुरी असेल तर ती वाढविल्याने वेग वाढतोच. पण हा गेम ८ जीबीत मावत होता. त्याची अडचण जागेची नव्हती.

अखेरची कसोटी म्हणून जुन्या पट्ट्या परत बसविल्या. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, आतील बॅटरीची जोडणी सोडवली आणि जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युतभार घालविला. सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंतचा असा विसर्ग बहुधा आपल्याला जाणवतही नाही. रॅमच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरला मात्र तो मारक ठरू शकतो. लॅपटॉप सुरू केला. चित्रे पुन्हा साठ!

म्हणजे लॅपटॉप निर्दोष, नवी पट्टीही निर्दोष. चुकली ती जोडणी. दुकानदाराने ती पट्टी परत घेतली आणि थोडे पैसे वर घेऊन ३२०० च्या, ८-८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. आता जागाही दुप्पट आणि दोन्ही मार्गही चालू. लॅपटॉप विकावा लागला नाही.

तुमच्या शाळेतील संगणकात किती खाचा भरलेल्या आहेत, शिक्षकांच्या मदतीने पाहा. आणि एक उदाहरण सोडवा : वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र बसविल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. मग ८ जीबीची ३२०० ची एक आणि ८ जीबीची २६६६ ची एक अशा दोन पट्ट्या दोन मार्गांवर बसविल्यास सेकंदाला किती जीबी मिळतील?