जास्वंदीचे नवे वाण

पुण्याच्या शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांत पूर्वी एक दृश्य हमखास दिसे. मधल्या चौकात तुळशीवृंदावन, त्याच्या आसपास तगर व प्राजक्त आणि भिंतीच्या कडेला तांबड्या जास्वंदीचे झाड. पहाटे त्याची फुले परडीत पडत आणि पूजेच्या वेळी गणपतीच्या मस्तकी चढत. आज त्यांतील पुष्कळ वाडे जाऊन तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. चौक गेले, परंतु जास्वंद गेली नाही. ती कुंडीत बसून सज्जात आणि गच्चीवर चढली. तिच्या सोबतीला आता तिचे नवे गणगोतही आले आहे. कोणी पिवळी, कोणी केशरी, तर कोणाच्या एकाच पाकळीवर दोन-तीन रंगांच्या छटा. ही निरनिराळी फुले आली कोठून? ती कोणाला रानात सापडलेली नाहीत. माणसानेच ती घडविली आहेत. आणि घडविणाऱ्यांपैकी कित्येकजण पोटासाठी दुसराच उद्योग करणारे, केवळ हौसेने झाडे लावणारे लोक होते.

आपल्या ओळखीच्या तांबड्या जास्वंदीकडे तुम्ही बारकाईने पाहिले असेल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. बारा महिने फुलणाऱ्या या झाडावर बी क्वचितच दृष्टीस पडते. आपण तिची लागवड फांदी लावूनच करतो. फांदीपासून वाढलेले झाड हे खऱ्या अर्थाने नवे नसते. ते मूळ झाडाचाच एक भाग असते. शेजारणीकडून आणलेली फांदी अंगणात लावली, पुढे लेकीने तिची फांदी सासरी नेली, तेथून ती आणखी कोठे गेली, तरी ते सारे झाड एकच. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या फुलाचा रंग बदलत नाही आणि आकारही बदलत नाही. जुने टिकवावयाचे असेल तर फांदी पुरते. नवे घडवावयाचे असेल तर बीच हवे.

स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली जास्वंदीला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होतो. वास्तविक गुलाबाशी तिचे काहीच नाते नाही. तिचे खरे आप्त म्हणजे भेंडी, अंबाडी व कापूस. भेंडीचे पिवळे फूल जास्वंदीशेजारी धरून पाहा. एकाच घरातील दोघी बहिणी पटकन ओळखू येतील.

जास्वंदीच्या फुलाच्या मध्यातून एक लांब नळी बाहेर आलेली असते. तिच्या अंगावर पुष्कळ पुंकेसर असून त्यांच्या टोकांवर पिवळे परागकण असतात. नळीच्या शेंड्यातून पाच लहान गोंडे बाहेर डोकावतात. या गोंड्यांना कुक्षी म्हणतात. परागकण कुक्षीवर पडून रुजला, म्हणजे त्याची सूक्ष्म नलिका आतल्या आत थेट फुलाच्या तळाशी असलेल्या अंडाशयापर्यंत उतरते, आणि तेथे बी धरते. निसर्गात हे काम शिंजिरासारखे पक्षी करतात. मध पिताना त्यांच्या अंगाला लागलेले पराग दुसऱ्या फुलाला लागतात. परंतु पक्षी कोठून आला आणि कोठे गेला, याची नोंद कोण ठेवणार? म्हणून ज्याला विशिष्ट दोन झाडांचे गुण एकत्र आणावयाचे आहेत, त्याला पक्ष्याचे काम स्वतःच्या हाती घ्यावे लागते.

समजा, एका झाडाचे फूल मोठे व सुंदर आहे, परंतु झाड नाजूक आहे. दुसऱ्याचे फूल साधे, पण झाड काटक आहे. या दोहोंचा संकर करावयाचा. ज्या फुलात बी धरावयाचे, ते मातृफूल. सकाळी ते उमलत असतानाच, परागकोश फुटण्यापूर्वी, लहान चिमट्याने त्याचे पुंकेसर हलकेच काढून टाकतात. नंतर दुसऱ्या झाडाच्या, म्हणजे पितृवृक्षाच्या, ताज्या फुलातील पराग मऊ कुंचल्याने मातृफुलाच्या पाचही कुक्षींवर लावतात. लगेच देठाला चिठ्ठी बांधून तीवर प्रथम मातेचे, मग पित्याचे नाव व दिनांक लिहितात. जास्वंदीच्या बहुतेक फुलांचे आयुष्य एकाच दिवसाचे असते. त्यामुळे ही सारी संधी एका सकाळपुरतीच असते.

यानंतरचे काम वाट पाहण्याचे. पाकळ्या सुकून गळतात. त्यांच्यामागोमाग देठही गळून पडला, तर श्रम वाया गेले असे समजावे, आणि बहुधा तसेच घडते. पावसाळ्यात पराग भिजतात. चैत्र-वैशाखात गच्ची तापली की धरलेली बोंडेही झडतात. म्हणून पुण्यासारख्या ठिकाणी पावसाळा सरल्यानंतरचे गार दिवस या कामाला बरे. एखादा देठ हिरवा राहिला आणि त्यावर बोंड फुगू लागले, म्हणजे हौशी माणसाचा आनंद गगनात मावत नाही. सुमारे दीड-दोन महिन्यांनी बोंड तपकिरी होऊन उकलते. बी उडून जाऊ नये म्हणून काहीजण त्याला आधीच मलमलीची लहान पिशवी बांधून ठेवतात. बियांचे कवच कठीण असते. त्याला किंचित टोचा देऊन बी पाण्यात भिजवितात व मग पेरतात. रोप उगवल्यापासून पहिले फूल येण्यास आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत काळ लागतो.

त्या पहिल्या फुलाचा रंग कोणता असेल, हे मात्र कोणालाच आधी सांगता येत नाही. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्रनो येथील मठात मेंडेल या धर्मगुरूने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या रोपांचे संकर केले, प्रत्येक पिढीतील रोपे मोजली आणि आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले. पण वाटाण्याच्या मानाने जास्वंदीचा वारसा फार गुंतागुंतीचा आहे. आजच्या बागेतील जास्वंद अनेक जातींच्या मिश्रणातून आलेली असल्यामुळे एकाच बोंडातील दहा बिया पेरल्या, तर दहा रोपांची फुले दहा तऱ्हांची निघतात. आईबापांपैकी एकाही फुलात न दिसलेला रंग नातवंडात अचानक प्रकटतो. म्हणूनच देठावरची चिठ्ठी आणि वहीतील नोंद यांना एवढे महत्त्व आहे. ती त्या रोपाची कुंडलीच होय. नोंद नसेल, तर चांगले फूल येऊनही ते कशामुळे आले हे कळत नाही, आणि पुढचे पाऊल कोणत्या दिशेने टाकावे हेही उमगत नाही.

या छंदातील सर्वांत कठीण परीक्षा फूल आल्यानंतर सुरू होते. दोन वर्षे पाणी घालून वाढविलेले रोप शेवटी फिकट, लोंबणारे, आईबापांहून उणे असे फूल देते. असली रोपेच संख्येने अधिक असतात. ती माया आवरून दूर करावी लागतात. कारण गच्ची लहान असते, कुंड्या मोजक्या असतात आणि निवड केल्यावाचून सुधारणा होत नाही. फुलाचा रंग उन्हात टिकतो का, फूल ताठ राहते का, कळ्या न उमलताच गळतात का, झाडावर पिठ्या ढेकूण सहज पडतो का, हे सारे काही हंगाम पाहावे लागते. पूर्वी एका दिवसात मिटणारी जास्वंद आता काही वाणांत दोन-तीन दिवस टिकते, ती अशाच निवडीमुळे.

उत्तम रोप मिळाले, तरी एक धोका उरतोच. त्या क्षणी त्या जातीचे सबंध जगात तेवढे एकच झाड असते. ते मेले, तर ती जात कायमची नाहीशी होते; तेच दोन पालक पुन्हा एकत्र आणले, तरी तेच फूल पुन्हा मिळत नाही. म्हणून त्याच्या फांद्या शक्य तितक्या लवकर वेगळ्या वाढवाव्या लागतात. पुष्कळ संकरित जास्वंदींची मुळे दुबळी असतात. त्यांची फांदी पाचरीसारखी तासून आपल्या जुन्या तांबड्या जास्वंदीच्या खुंटावर बसवितात. जिने स्वतः क्वचितच बी दिले, तीच आजी अशा रीतीने नव्या नातवंडांना आपल्या पायांवर उभे करते.

हे वेड सर्व जगात पसरलेले आहे. मॉरिशस बेटावर चार्ल्स टेल्फेअर यांनी १८२० च्या सुमारास तेथील रानजास्वंदीचा चीनच्या जास्वंदीशी संकर केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई बेटांतील हौशी लोकांनी शेकडो नवे प्रकार तयार केले. डे-लिली हेही एका दिवसाचेच फूल. त्याच्या पहिल्या संकरित जाती जॉर्ज यल्ड या इंग्रज शिक्षकाने घडविल्या. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल हे गव्हाच्या संशोधनासाठी नावाजलेले शास्त्रज्ञ. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. फावल्या वेळात मात्र ते गुलाबांचे संकर करीत. त्यांनी शंभरावर नवे गुलाब निर्माण केले, आणि त्यांतील एका पांढऱ्या गुलाबास डॉ. होमी भाभा यांचे नाव दिले.

फुलांचा हा खेळ निरुपयोगी आहे असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हे संकरित कापसाचे वाण तयार केले. व्यापारी प्रमाणावर लागवड झालेला तो जगातील पहिला संकरित कापूस. त्याचे बियाणे तयार करताना मजूर शेतात बसून फुलाफुलातील पुंकेसर हाताने काढीत व दुसऱ्या झाडाचे पराग लावीत. गच्चीवर जास्वंदीसाठी केली जाते, तीच ही क्रिया.

नव्या वाणास नाव देताना ते पूर्वी कोणी दिलेले नाही ना, हे पाहावे लागते. जास्वंदीच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद ऑस्ट्रेलियातील जास्वंद संस्था ठेवते. परंतु नोंदवहीतील नावाने झाड जगत नाही. जाणता हौशी माणूस आपल्या आवडत्या झाडाच्या फांद्या चार स्नेह्यांना देऊन ठेवतो. पुढे कधी उन्हाळ्यात किंवा घर बदलताना त्याचे स्वतःचे झाड मेले, तर त्या चौघांपैकी एकाच्या गच्चीवरून त्याला आपलीच जास्वंद परत मिळते. ज्याने ती कोणालाच दिली नाही, त्याला ती मागावयास जागा उरत नाही.