क्रीडा पत्रकारितेतील हितसंबंधांचा संघर्ष

खेळाडू, क्रीडासंस्था किंवा त्यांच्याशी निगडित व्यवसायाशी आर्थिक वा वैयक्तिक संबंध असलेल्या व्यक्तीने त्यांच्याविषयीच वार्तांकन, समीक्षण किंवा समालोचन करणे, यास क्रीडा पत्रकारितेतील हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. अशा व्यक्तीचे मत पक्षपाती असतेच असे नाही. परंतु तो संबंध वाचकाला वा प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर मताचे मोल ठरवण्याचे साधनच त्याच्या हाती राहत नाही.

स्वरूप

नामवंत खेळाडूची मुलाखत मिळणे बहुधा त्याच्या मर्जीवर अवलंबून असते. खेळाडूच्या नावाने छापले जाणारे स्तंभ पुष्कळदा पत्रकारच शब्दांकित करतात. ज्याचे शब्द आपण लिहितो, त्याच्या अपयशावर परखडपणे लिहिणे साहजिकच अवघड जाते.

भारतीय क्रिकेटमधील प्रकरणे

निवड समितीचे तत्कालीन अध्यक्ष दिलीप वेंगसरकर वृत्तपत्रांत स्तंभ लिहीत असत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००७च्या अखेरीस निवडकर्त्यांच्या स्तंभलेखनास मनाई केली, तेव्हा मोठा वाद झाला. संघ निवडणाऱ्यानेच त्या संघाची समीक्षा करावी का, हा प्रश्न रास्त होता. मात्र निवडकर्त्यांना त्या काळी मानधन नव्हते, हेही विसरता येत नाही.

सुनील गावसकर आणि रवी शास्त्री यांच्याशी मंडळाने समालोचनाचा थेट करार केल्याचे २०११ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाले. प्रत्येकी वार्षिक ३.६ कोटी रुपये, असा आकडा तेव्हा प्रसिद्ध झाला. दोघेही २००८ पासून काही काळ इंडियन प्रीमियर लीगच्या प्रशासकीय परिषदेचे सदस्य होते. प्रेक्षक ज्याला स्वतंत्र तज्ज्ञाचे मत समजत होता, त्याचा मोबदला सामन्यांचे आयोजन करणारी संस्थाच देत होती. म्हसळा-श्रीवर्धनकडील टेनिस चेंडूच्या स्पर्धांतही समालोचकाला आयोजकच बोलावतात. तेथे मात्र त्याला कोणी आणले, हे मैदानावर सर्वांना माहीत असते.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये नेमलेल्या प्रशासक समितीचे सदस्य, इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी त्याच वर्षी जूनमध्ये राजीनामा दिला. खेळाडूंचे व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचे प्रमुख असलेले गावसकर त्याच खेळाडूंवर मंडळासाठी समालोचन करतात, याकडे त्यांनी राजीनामापत्रात लक्ष वेधले. दोहोंपैकी एक काम सोडावे, असे त्यांचे म्हणणे होते.

मंडळच समालोचक नेमते, तेव्हा त्याला दूर करणेही मंडळाच्याच हाती असते. हर्षा भोगले यांना २०१६ मध्ये, तर संजय मांजरेकर यांना २०२० मध्ये वगळण्यात आले. दोन्ही वेळा मंडळाने कारण जाहीर केले नाही. मांजरेकर यांनी त्याआधी २०१९च्या विश्वचषकात रवींद्र जडेजावर टीका केली होती आणि जडेजाने तिला जाहीर उत्तर दिले होते. पुढे मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार काम करण्याची तयारी मांजरेकर यांनी पत्राने कळवल्याच्या बातम्या आल्या.

नियमन

लोढा समितीच्या शिफारशींवर आधारलेली मंडळाची घटना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केली. तीनुसार खेळाडू, निवडकर्ता, समालोचक, पदाधिकारी इत्यादींपैकी एकाहून अधिक पदे एका व्यक्तीला एकाच वेळी धारण करता येत नाहीत. खेळाडूचा स्तंभ शब्दांकित करणारा पत्रकार या नियमात येत नाही. प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया १९७८च्या कायद्यानुसार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था यांना समज देऊ शकते. तिला दंड करता येत नाही आणि दूरचित्रवाणीवरील समालोचन तिच्या कक्षेबाहेर आहे.